ज्याने कोड लिहिला, त्यानेच आधी विकायला जावं

गेल्या आठवड्यात एका जुन्या मित्राचा फोन आला. दोघं इंजिनिअर भागीदार, वर्षभर खपून सॉफ्टवेअर तयार केलंय. म्हणाला, "एखादी चांगली मार्केटिंग एजन्सी सुचव ना. आम्ही दोघं कोडवर लक्ष देतो, बाकीचं ते बघतील." मी नाव सुचवलं नाही. त्याऐवजी पाऊण तास बोलत राहिले. तेच इथे लिहून काढतेय, कारण हा प्रश्न मला बरेच जण विचारतात आणि दर वेळी माझा जीव तुटतो.

माझं मत असं: सुरुवातीचे ग्राहक, निदान पहिले पन्नास तरी, ज्यांनी वस्तू घडवली त्यांनीच स्वतः जाऊन आणावेत. एजन्सी नको, मार्केटिंगचा माणूसही नको. ते नंतर.

आमचं सॉफ्टवेअर जॉबवर्कला, म्हणजे बाहेरच्या वर्कशॉपकडून एकेक काम करून घ्यायला गेलेल्या मालाचा हिशोब ठेवतं. पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या कारखानदारांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. मशिनचा एक साधा शाफ्ट, म्हणजे दांडा, तयार होताना टर्निंग (लेथवर कापून आकार देणं) एकाकडे, हीट ट्रीटमेंट दुसऱ्याकडे, ग्राइंडिंग तिसऱ्याकडे, प्लेटिंग चौथ्याकडे होतं. माल टेम्पोतून फिरत राहतो, सोबत चलन, म्हणजे माल पाठवल्याचा कागद. पाठवलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत आला नाही, तर जीएसटी कायदा तो पाठवला त्याच दिवशी विकला असं धरतो आणि त्यावर कर लागतो. चलनं हरवतात, नग कमी येतात, कोणाकडे काय अडकलंय ते कोणालाच सांगता येत नाही. हा प्रश्न आम्ही सोडवला होता आणि चांगला सोडवला होता.

मग आम्ही एक एजन्सी नेमली. सहा महिने दर महिन्याला पैसे मोजले. जाहिरातीवर ओळ होती, 'स्मार्ट इन्व्हेंटरी मॅनेजमेंट सोल्यूशन'. चौकशा भरपूर आल्या. किराणा दुकानातून आल्या, औषधांच्या दुकानातून आल्या, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मुलांचे फोन आले. वर्कशॉपवाले दोनच. व्हॉट्सअॅपवरचे मेसेज जात होते गुरुवारी, कारण आठवड्याच्या मध्यात लोक जास्त वाचतात म्हणे. गुरुवार हा भोसरी एमआयडीसीचा सुट्टीचा वार. पण त्या एजन्सीला मी दोष देणार नाही. आम्ही जे शब्द दिले तेच त्यांनी सजवले. वर्कशॉपवाला कसा बोलतो हे आम्हालाच माहीत नव्हतं, मग त्यांना कुठून माहीत असणार?

शेवटी मी स्वतः वर्कशॉपमध्ये जायला लागले. पहिले काही दिवस फार अवघड गेले. शटरसमोर उभं राहून आत जाऊ की नको असं व्हायचं. आपल्याकडे इंजिनिअरच्या घरात वाढलेल्या मुलांना एक गोष्ट लहानपणापासून शिकवलेली असते, की आपलं काम बोललं पाहिजे, स्वतःची टिमकी वाजवू नये. ते माझ्यात खोलवर होतं.

चौथ्या की पाचव्या वर्कशॉपमध्ये एक साठीचे काका भेटले. तीन सीएनसी (संगणकावर चालणारी) मशिनं, आठ माणसं. मी लॅपटॉप उघडून डॅशबोर्ड दाखवायला लागले. त्यांनी मिनिटभर पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, हे सगळं राहू द्या. माझा माल बाहेर किती पडलाय, तेवढं सांगता येतंय का?"

माल बाहेर किती पडलाय. वर्षभरात हे वाक्य आमच्या एकाही स्क्रीनवर, एकाही जाहिरातीत आलं नव्हतं. त्या रात्री घरी येऊन मी पहिली स्क्रीन बदलली. उघडल्या उघडल्या एकच यादी: कोणाकडे, किती नग, किती दिवस झाले. पुढे आमच्या पत्रकावर हेच वाक्य आलं, अगदी त्यांच्याच शब्दांत, आणि ते वाचून लोक स्वतःहून फोन करायला लागले. दुसऱ्या एका ठिकाणी कळलं, की शंभर किलो बार टर्निंगला गेला की परत येताना वजन कमी होणारच, चुरा निघतो. आमचं सॉफ्टवेअर मात्र त्या घटीला 'माल गहाळ' म्हणत होतं! एजन्सीच्या अहवालात हे मला कधी दिसलं असतं? क्लिक किती, चौकशा किती, एवढंच तर त्यात असतं.

तेव्हापासून माझी खात्री झालीय, की सुरुवातीला मार्केटिंग आणि प्रॉडक्ट ही दोन कामं नसतातच. ग्राहकासमोर बसून जे ऐकू येतं, ते त्याच रात्री बदलू शकणारा माणूसच तिथे बसलेला हवा. मधे दुसरं कोणी आलं की निम्मं गळतं.

फाइल्स ऑनलाइन ठेवायची सेवा देणाऱ्या ड्रॉपबॉक्सचं उदाहरण मी त्या मित्राला सांगितलं. तिचा संस्थापक ड्रू ह्यूस्टनने सुरुवातीला गूगलवर जाहिराती करून पाहिल्या. ९९ डॉलरची वस्तू विकायला एका ग्राहकामागे २३३ ते ३८८ डॉलर खर्च होत होता. फळ मिळालं ते त्याने स्वतः बनवलेल्या एका छोट्या व्हिडिओला. डिग नावाच्या, तंत्रज्ञानवेड्यांच्या आवडत्या साइटवरच्या लोकांना कळतील असे संदर्भ त्याने त्यात पेरले होते, कारण तो त्यांच्यातलाच होता. बीटाची, म्हणजे चाचणी आवृत्तीची प्रतीक्षा यादी एका रात्रीत ५,००० वरून ७५,००० वर गेली. ऑनलाइन पैसे स्वीकारायची सोय देणाऱ्या स्ट्राइपचे संस्थापक कॉलिसन बंधू तर कोणी "वापरून बघू" म्हणालं, की लिंक पाठवतो वगैरे म्हणत नसत. "तुमचा लॅपटॉप द्या" म्हणून तिथल्या तिथे बसवून देत.

आणि आपल्याच मातीतलं बघा. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत ड्रॉइंग शिकवणारे, हाडाचे तंत्रज्ञ. त्यांनी लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली असं सांगतात. नांगर उत्तम होता, पण त्याने तो समज दूर होत नव्हता. पुढे १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघालं. कारखान्याचं पत्रक म्हणून सुरू झालेलं ते घरच्याच माणसाने, शंकरराव किर्लोस्करांनी चालवलं आणि त्याचं पुढे मराठीतलं मोठं मासिक झालं. नांगर आणि पंप बनवणाऱ्यांना लोकांशी बोलणं कमीपणाचं वाटलं नाही, याचं मला फार अप्रूप आहे.

मित्राचा आक्षेप होता, की अशाने कोड कोण लिहिणार? खरंय, माझा निम्मा आठवडा बाहेर जायचा आणि त्या काळात नवीन काही फारसं झालं नाही. पण जे झालं ते वापरलं गेलं. त्याआधी लिहिलेल्या कोडमधला बराचसा आज आम्ही काढून टाकलाय.

हे कायम करत राहा असंही मी म्हणत नाही. मी एक वही ठेवली होती. प्रत्येक भेटीत लोकांनी विचारलेला प्रश्न जसाच्या तसा, त्यांच्याच भाषेत लिहायचा. काही महिन्यांनी नवीन प्रश्न येईनासे झाले, तेच तेच परत यायला लागले. तेव्हा आम्ही मार्केटिंगसाठी पहिली मुलगी नेमली आणि पहिल्या दिवशी तिच्या हातात ती वही दिली. जाहिरातींचं बजेट, प्रदर्शनातला स्टॉल, व्हिडिओ हे सगळं ती माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं करते. माझ्या मित्राकडे आज अशी वही नाही. मग एजन्सीच्या हातात तो देणार काय?

जाणं मात्र मी सोडलेलं नाही. गुरुवारी मशिनं बंद असतात, कामगार नसतात, पण मालक बरेचदा एकटेच हिशोबाला येऊन बसतात. मशिनचा आवाज नसतो, घाई नसते, चहा होतो आणि माणसं मनापासून बोलतात. उद्या गुरुवार आहे. साडेदहाला भोसरीत दोन ठिकाणी जायचंय, मित्रही सोबत येतोय. गाडीत अजून दोन जागा आहेत. तुम्हीही काही बनवून बसला असाल आणि विकायला जायचा धीर होत नसेल, तर रात्रीपर्यंत मेसेज करा, नाशिक फाट्यावरून घेते.