साफिरा कधी येते परत?

भाचा दिवाळीच्या सुट्टीत आलाय. वय तेरा. आल्या आल्या माझ्या कपाटातून 'ब्रिसिंगर', पाओलिनीच्या ड्रॅगनस्वारांच्या मालिकेचा तिसरा भाग, ओढून काढलं (आधीचे दोन भाग घरी फस्त करून आलाय) आणि तीन दिवस दिवाणावर पालथा पडून वाचतोय. काल चकल्या घेऊन गेले तर मान वर न करता म्हणाला, "मावशी, साफिरा कधी येते गं परत?"

साफिरा म्हणजे त्यातली ड्रॅगन, आणि एरागॉन तिचा स्वार. अगदी हाच प्रश्न मला २००८ साली पडला होता.

पुढे सगळी रहस्यं फोडणार आहे. पुस्तक येऊन सतराएक वर्षं झाली, तेव्हा नंतर माझ्या नावाने बोटं मोडू नका.

तेव्हा मी हॉस्टेलला होते. 'एल्डेस्ट' हा दुसरा भाग २००५ साली आलेला, त्याच्या शेवटी शत्रूच्या बाजूच्या मर्टागने एरागॉनच्या हातातून तलवार काढून नेली होती आणि आम्ही तीन वर्षं तिथेच लटकलेलो. मेसच्या पैशात काटकसर करून अप्पा बळवंत चौकातून ही साडेसातशे पानांची वीट आणली. (ती प्रत एका मैत्रिणीने "दोन दिवसांत देते" म्हणून नेली. तिच्या लग्नाला जाऊन आले, पुस्तक नाही दिसलं. भाच्याच्या हातात आहे ती दुसरी प्रत.)

मुळात ही तीनच भागांची गोष्ट होती. तिसऱ्यात दुष्ट राजा गॅल्बटोरिक्स मरणार, असा आमचा साधा हिशोब. लिहिता लिहिता पाओलिनीला कळलं की एवढं सगळं एका पुस्तकात मावत नाही, आणि २००७ साली त्याने चौथा भाग जाहीर केला. त्यामुळे 'ब्रिसिंगर'ची गत अशी, की पंगत बसलीय, मीठ-लिंबू वाढून झालंय आणि भात काही येत नाही. पहिल्या आवृत्तीवर पुस्तकाचं उपशीर्षकही होतं, एरागॉन आणि साफिराची सात वचनं. मी ती मोजायला बसले होते. एकदा सहा भरली, एकदा आठ.

पण लांबण हा माझा खरा राग नाही. लांबण आपण महाभारतातही वाचतो. माझा राग हा, की ड्रॅगनच्या पुस्तकात ड्रॅगनच नाही! हेलग्रिंड डोंगरातल्या कैदेतून मामेभाऊ रोरनच्या प्रेयसीला, कॅट्रिनाला, सोडवल्यावर एरागॉन साफिराला पुढे पाठवतो आणि स्वतः मागे राहतो. मग परत येतो, जरा कुठे दोघं एकत्र दिसतात, तोवर बुटक्यांच्या राजाची निवडणूक निघते आणि हा गडी साफिराला छावणीत ठेवून फार्थेन डूरला पळत निघतो. अक्षरशः पळत, एका अर्गलच्या, म्हणजे शिंगवाल्या राक्षसाच्या, सोबतीने. मग तेरा कुळं, त्यांचे सरदार, कुणाचं मत कुणाला. आमच्याकडे जिल्हा परिषदेचा अध्यक्ष निवडताना याहून कमी बैठका होतात.

आणि रोरन. जादू येत नाही, ड्रॅगन नाही, हातात हातोडा. एका गावात तो एकटा १९३ माणसं मारतो. आकडा माझा नाही, पुस्तकातच मोजलाय. त्यानंतर आज्ञा मोडली म्हणून त्याला पन्नास फटके बसतात. ते फटके मी वाचले, अंगावर काटा आला, पण १९३ अजून घशाखाली उतरलेले नाहीत.

बरं, एवढं बोलून मग हे पुस्तक दुसऱ्यांदा विकत का आणलं?

रुनॉनसाठी. सगळ्या ड्रॅगनस्वारांच्या तलवारी घडवणारी ही एल्फ लोहारीण. तिच्याच तलवारींनी पुढे स्वारांचे मुडदे पडले, म्हणून तिने शपथ घेतलीय, पुन्हा तलवार घडवणार नाही. आता एरागॉनला तलवार हवी. पोलाद मेनोआ नावाच्या जाणत्या झाडाच्या मुळांखाली सापडतं. पहिल्या भागात सोलेम्बम बोक्याने हे सांगून ठेवलेलं, आपण विसरलेलो, पाओलिनी विसरला नव्हता. झाड दाद देईना म्हणून साफिरा त्याच्यावर चवताळते, तो प्रसंगही झकास. पोलाद मिळालं, पण शपथेचं काय? तर रुनॉन एरागॉनच्या मनात शिरते आणि त्याच्या हातांनी काम करते. हातोडा त्याचा, कसब तिचं, शपथ शाबूत. आणि मग रात्रभर नुसतं काम. तापवणं, ठोकणं, पुन्हा भट्टीत घालणं. हाणामारी नाही की भविष्यवाणी नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला लोहाराची भट्टी होती, शाळेतून येताना मी तिथे उभी राहायचे, तसंच त्या पानांवर उभी राहिले.

आणि नाव. पहिल्या भागात शेकोटी पेटेना म्हणून वैतागलेल्या म्हाताऱ्या गुरूच्या, ब्रॉमच्या, तोंडून जो शब्द निसटतो, जो पुढे याझुआक गावात घाबरलेलं शेतकऱ्याचं पोर, म्हणजे एरागॉन, अर्थही न कळता ओरडतं, तोच शब्द आता तो तलवारीला देतो. आणि निळं पातं पेटतं. ब्रिसिंगर म्हणजे आग, बस. पण तोवर ब्रॉम आपला बाप होता हे त्या पोराला कळलेलं असतं. हॉस्टेलच्या गच्चीवर मी हे पान वाचलं आणि पुस्तक मिटून नुसती बसून राहिले.

एरागॉनचा एल्फ गुरू ओरोमिस जातो त्यावर लिहीत नाही. त्याच्या ड्रॅगनचा, ग्लेडरचा, देह पडतो आणि जीव एल्डुनारीत, ड्रॅगनचा जीव साठवणाऱ्या मण्यात, मागे उरतो, एकटा. लिहीत नाही म्हटलं ना.

एक गोष्ट मात्र विशीत माझ्या नजरेतून पार सुटली होती. त्या कंटाळवाण्या बुटक्यांच्या भागातच एरागॉनवर मारेकरी येतात आणि त्याला वाचवताना एक पहारेकरी मरतो. एरागॉन त्या पोराच्या आईला भेटायला जातो. निवडणुकीच्या धबडग्यातली थोडीशी पानं. यंदा वाचताना मी तिथेच अडले. ज्याच्यासाठी आपला मुलगा गेला तो समोर उभा आहे, आणि ही बाई त्याच्याशी बोलतेय. बैठका कापल्या असत्या तर हीही कापली गेली असती, असं वाटून मी पाओलिनीला निम्मं माफ केलं.

हे सगळं भाच्याला समजावून सांगायचं म्हणून आज सकाळी चहा घेऊन त्याच्यापाशी बसले. तर गडी तलवारीच्या प्रकरणापर्यंत पोचलेला.

"अरे, इतक्यात? बुटक्यांचं सगळं वाचलंस?"

"नाही. साफिराचं नाव दिसेपर्यंत पानं उलटली."

"आणि काही अडलं नाही?"

"काहीच नाही," म्हणाला, आणि चकलीचा डबा जवळ ओढला.