‘रिकॉइल काडतुसाचं असतं’ : चार वाक्यांचा सल्ला आणि त्यातली भोकं

शिकारी रायफलींच्या रिकॉइलबद्दल, म्हणजे गोळी सुटताना मागे बसणाऱ्या धक्क्याबद्दल, एक सल्ला सतत फिरत असतो. तो साधारण असा: ‘रिकॉइल काडतुसावर ठरतं, तक्त्यातला आकडा बघून काडतूस निवडा. फार लागत असेल तर नळीच्या तोंडाला मझल ब्रेक (वायू बाजूला वळवणारा भोकांचा तुकडा) बसवा, धक्का निम्मा होतो. नेमाची काळजी नको, रायफल मागे येईपर्यंत गोळी नळीबाहेर गेलेली असते. आणि जनावर समोर असताना धक्का जाणवतोय कुणाला!’ चार वाक्यं, चारही अर्धवट. साफ खोटी असती तर कधीच विरली असती.

आधी काडतूस. .३०८ विंचेस्टरची ९.७ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ८६० मीटर वेगानं सुटते. मागे साधारण २.९ ग्रॅम दारू असते. तिचा वायू गोळीपाठोपाठ तोंडातून फुटतो आणि हिशेबात त्याचा वेग गोळीच्या पावणेदोनपट धरतात. गोळीचा संवेग (वस्तुमान गुणिले वेग) ८.३, वायूचा ४.४, मिळून १२.७ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. तेवढाच संवेग रायफलीला उलट दिशेनं मिळतो. इथवर राज्य काडतुसाचं. पण रायफल ३.४ किलोची असेल तर ती सेकंदाला ३.७ मीटर वेगानं मागे येते आणि मुक्त रिकॉइलची ऊर्जा भरते २४ ज्यूल. तेच काडतूस २.७ किलोच्या रायफलीत घातलं की वेग ४.७ आणि ऊर्जा ३० ज्यूल. काडतूस तेच, धक्का सव्वापट. डोंगर चढायला हलकी रायफल घेणाऱ्यांना हा हिशेब पहिल्याच बाराला कळतो. तक्त्यात रायफलीचं वजन दिलेलं नसेल, तर तो आकडा नेमका कशाचा?

बरं, वजन दिलेलं असलं तरी ‘मुक्त’ या शब्दाकडे लक्ष द्या. रायफल हवेत लोंबकळत असती तर काय झालं असतं, याचा तो आकडा आहे. खांद्याला कळतं ते वेगळं: तो धक्का किती वेळात आणि किती जागेवर पसरला. मऊ रबरी पॅड संवेगातला कणही कमी करत नाही, तरी खांदा त्याचे आभार मानतो, कारण रायफल थांबायला थोडा जास्त वेळ मिळतो. खांद्याला टेकणाऱ्या दस्त्याचा आकारही तसाच. खाली झुकलेल्या दस्त्याची रायफल मागे येतानाच वर उसळते आणि गालावर थप्पड देते. सरळ दस्ता धक्का थेट खांद्यात नेतो. दोघींची ऊर्जा कागदावर सारखीच दिसेल.

आता मझल ब्रेक, कारण सगळ्यात जास्त बढाई त्याचीच मारली जाते. ब्रेक गोळीला हात लावू शकत नाही, त्याच्या हाती फक्त वायू. वरच्या हिशेबात वायूचा वाटा एकतृतीयांश आहे. .३०० विंचेस्टर मॅग्नममध्ये साडेचार ग्रॅमहून जास्त दारू असते, तिथे तो ४० टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणून ब्रेक मॅग्नमवर चमत्कार करतो आणि थोड्या दारूच्या, जड गोळीच्या काडतुसावर निराशा. ‘निम्मा’ या शब्दातही गंमत आहे. ऊर्जा वेगाच्या वर्गावर चालते, त्यामुळे संवेग २९ टक्के घटला की ऊर्जा निम्मी होते. जाहिरातीत यातला कोणता आकडा छापला जातो, हे सांगायला नको.

खरं काय ते बघायचं तर अठराव्या शतकात शास्त्रज्ञ काउंट रम्फर्डनं वापरलेली युक्ती अजूनही चालते: बंदूक टांगा. जड चौकटीत रायफल आवळून एकूण वजन २० किलो केलं आणि ती दोन मीटरच्या दोऱ्यांवर टांगली, तर वरचं .३०८ तिला सुमारे २९ सेंटिमीटर मागे ढकलेल. वायूच्या वेगाचा अंदाज बांधायची गरजच उरत नाही. मग ब्रेक लावून पुन्हा बार काढा आणि झोका मोजा. चाप अर्थात दुरून दोरीनं ओढायचा आणि गोळी अडवायला भक्कम बांध हवा. हे काम शूटिंग रेंजवरचंच.

ब्रेकची किंमत मात्र कान मोजतात. १४० डेसिबलच्या वरचा एक आवाजही श्रवणशक्तीला धोक्याचा मानतात आणि शिकारी रायफल तो आकडा ब्रेकशिवायच ओलांडते. ब्रेक तोच स्फोट बाजूला आणि मागे फेकतो, म्हणजे तुमच्यावर आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसावर. जंगलात कान झाकून फिरणारे किती दिसतात? सायलेन्सर जिथे कायद्यानं चालतो, तिथे मी तोच पसंत करीन: तोही वायू अडवतो, वजन वाढवतो आणि आवाज उतरवतो.

गोळी आधी बाहेर पडते, हा मुद्दा पटकन निकालात निघतो. रिकॉइल गोळी हलते त्याच क्षणी सुरू होतं. नळीत ती साधारण एक-सव्वा मिलिसेकंद असते आणि तेवढ्यात ३.४ किलोची रायफल दीड-दोन मिलिमीटर मागे सरकलेली असते. नळी खांद्याच्या टेकूहून वर असल्यानं तोंड उचलायलाही लागलेलं असतं. म्हणून तर रायफल वाळूच्या पिशवीऐवजी कडक फळीवर टेकवली की गोळ्या दुसरीकडे पडू शकतात. मोठा धक्का मात्र नंतरचा, एवढं त्यांचं बरोबर.

राहिलं जनावरासमोर न जाणवणं. खरंच नाही जाणवत! पण बिचकण्याची सवय शिकारीत लागत नाही, ती सरावात लागते. बाकावर बसून जोरकस काडतुसाचे ओळीनं वीस बार काढले की डोळे बाराआधीच मिटायला लागतात, आणि तीच सवय जनावरासमोर चापावर बोट ठेवते. तपासायची रीत जुनी आहे. मित्राला मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांत एखादं नकली काडतूस मिसळायला सांगा, कुठलं ते तुम्हाला कळू न देता. नकलीवर नुसतं ‘टक्’ होईल आणि नळीचं टोक हललं की नाही, ते दोघांनाही दिसेल. हललं तर काही आठवडे जेमतेम धक्का देणाऱ्या .२२ रायफलीवर परत या.