डबा खाताना शेजारी कोण बसलं?

शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडा आणि जूनपासूनचे मेसेज वाचत या. मी काल रात्री भांडी आवरल्यावर तेच केलं. उद्या आधारची झेरॉक्स आणा. शुक्रवारी रंगीत ड्रेस. अपार आयडीचं संमतीपत्र सही करून पाठवा. फीची आठवण, मग त्याच फीची दुसरी आठवण. वृक्षदिंडीचे ढीगभर फोटो, ज्यात प्रत्येकजण आपलंच पोर मोठं करून शोधतो. मध्येच कुणाच्या तरी आजोबांचं ‘शुभ सकाळ’ आणि त्याखाली ॲडमिनचा दम. या सगळ्यात एक ओळ सापडली नाही जिच्यावरून कळावं, की माझी मुलगी ज्या पोरांत रोजचा अख्खा दिवस काढते ती पोरं एकमेकांशी वागतात कशी.

शाळेला तरी एकटीला काय बोलायचं? गेटातून पोर बाहेर आलं की आपला पहिला प्रश्न “डबा संपवलास का?”, घरी आलं की “होमवर्क काय दिलाय?” संपलं.

तर माझं म्हणणं असं आहे. प्राथमिक शाळेतली दादागिरी थांबवायची तर भांडण झाल्यावर पालकांना बोलावण्यात फार उशीर झालेला असतो. काही झालेलं नसतानाच वर्गातलं वातावरण घरी कळत राहिलं पाहिजे. आणि कळल्यावर आपण पालकांनी ते नीट ऐकून घेतलं पाहिजे. यातलं दुसरं जास्त अवघड आहे, कारण कधी ना कधी आपल्याच पोराचं नाव नको त्या बाजूला निघतं.

“पोरंच ती, चालायचंच” हे आपल्याकडचं लाडकं वाक्य. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण कधी खरं आणि कधी नाही, हे ओळखायची सोय नॉर्वेच्या डॅन ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञाने कधीच करून ठेवलीय. १९८२ च्या अखेरीस तिथे तीन मुलांनी जीव दिला, सोबत्यांच्या छळाचा त्याच्याशी संबंध असल्याचं बोललं गेलं, आणि १९८३ मध्ये सरकारने देशभर मोहीम काढली. ओल्वेउसने तेव्हा बर्गन शहरातल्या शाळांत काम केलं. त्याने सांगितलेल्या खुणा तीन: त्रास मुद्दाम दिलेला असतो, पुन्हा पुन्हा दिलेला असतो, आणि ज्याला दिला जातो त्याला उलटून काही करता येत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर, दोघांनी एकमेकांच्या पेन्सिली मोडल्या आणि दुसऱ्या दिवशी एकाच डब्यात हात घातला, तर त्यात पडू नका. पण पेन्सिल रोज एकाचीच मोडत असेल आणि तो गप्प बसत असेल, तर त्यात पडायलाच पाहिजे. गप्प बसायला कारण काहीही पुरतं. उंची, गँग, चष्मा, कुणाचे वडील काय करतात, कुणाचं आडनाव काय.

आता ही पेन्सिल मोडते कुठे? वर्गात बाई असतात. मोडते नळावर, जिन्यात, टॉयलेटच्या कोपऱ्यात, आणि सगळ्यात जास्त व्हॅनमध्ये. आमच्या भागातून येणारी व्हॅन बघा. सीट चौथीतल्यांची. पहिलीतलं पोर ड्रायव्हरच्या मागच्या फळीवर, आणि त्याच्या मांडीवर बाकीच्यांची दप्तरं. कोण खिडकीत बसणार हे ठरवणारा एक ‘कंडक्टर’ असतो, त्याला ते पद कुणी दिलं कुणास ठाऊक. जुलैत, पावसाची झड लागलेली असताना, या कंडक्टरने एका लहानग्याचा रेनकोट खिडकीबाहेर धरला आणि पोवई नाक्याच्या अलीकडे सोडून दिला. व्हॅनवाल्या काकांनी गाडी बाजूला घेतली, उतरले, चिखलातून रेनकोट उचलून आणला. तो पोरगा घरी काय म्हणाला? “पडला.” आणि घरच्यांनी त्यालाच दोन शब्द सुनावले, महिन्याभरात नवा घेतलेला रेनकोट घाण केला म्हणून.

मला हे काकांनी सांगितलं, महिन्याचे पैसे द्यायला गेले तेव्हा. मग म्हणाले, “ताई, सगळं दिसतं हो आरशात. पण मला कोण विचारतंय?” खरंच आहे. काकांचं लायसन, गाडीचे कागद, सीसीटीव्ही, सगळ्याची चौकशी होते. आरशात काय दिसलं ते मात्र कुणी विचारत नाही.

माझी नणंद कराड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. दोन शिक्षक, चार वर्ग, शिवाय पोषण आहाराचा हिशेब आणि ऑनलाइन माहिती भरणं वेगळं. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की बीडकडून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात, त्यातली काही पोरं तिच्या पटावर येतात आणि हंगाम संपून पट्टा पडला की जातात. एका वर्षी असाच तिसरीतला मुलगा आला. आठवड्याच्या आत त्याचं नाव पडलं ‘कोयता’. हजेरीत त्याचं खरं नाव पुकारलं की मागून दबक्या आवाजात “कोयता हजर”, आणि खसखस. दिवसाकाठी चार वेळा. त्याने हळूहळू हजेरीला ‘हजर’ म्हणणंच सोडलं, नुसता हात वर करायला लागला. नणंदेच्या लक्षात आलं ते त्या हातावरून.

त्याचे आईवडील ग्रुपवर नव्हते. साधा फोन, तोही मुकादमाकडे लावायचा. पहाटे फडात जाणाऱ्या माणसांना पालकसभेची नोटीस काय कामाची? म्हणून ती एका संध्याकाळी त्यांच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, गेली. आई म्हणाली, “जाऊ द्या बाई, आम्ही चार महिन्यांची माणसं. भांडणं कशाला?” हे वाक्य मला फार लागलं. सगळ्यात जास्त त्रास ज्याला, त्याच्याच घरापर्यंत शाळेचा निरोप पोचत नाही, आणि पोचला तर ते घर आधीच माघार घेऊन बसलेलं.

पुढच्या पालकसभेत नणंदेने कुणाचंच नाव घेतलं नाही. एवढंच म्हणाली, की वर्गात एका मुलाला त्याच्या आईबापाच्या कामावरून हाक मारतात, आणि ही हाक पोरं शाळेत शिकलेली नाहीत. एकजण म्हणाले, “चिडवत्यात की सगळीच पोरं, त्यात काय एवढं.” त्यावर मागे बसलेली एक म्हातारी बोलली, “पोरं कशाला, तुमीच कट्ट्यावर बसून म्हणताय, कोयतं आलं कोयतं आलं.” सभा तिथेच थंड झाली. हाक मात्र पुढे पुढे बंद पडली. मैत्री वगैरे झाली का? फारशी नाही. त्याच्याशी खेळणारा एकच होता, तो आधीही होता. मार्चमध्ये टोळी गेली.

हे मी साताऱ्यात बसून लिहितेय म्हणून आणखी एक बोलते. ७ नोव्हेंबर १९०० ला इथल्या सरकारी हायस्कुलात, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भिवा रामजी आंबेडकर हे नाव पटावर चढलं. म्हणून ७ नोव्हेंबर आपण विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. त्या मुलाला वर्गात बसायला घरून गोणपाट आणावं लागायचं आणि शिपाई नसेल तर पाणी मिळायचं नाही. आज आपली पोरं त्या दिवशी पाठ केलेली भाषणं धडाधड म्हणतात, टाळ्या घेतात. आणि मधल्या सुट्टीत “ए, तुझं आडनाव काय रे, म्हणजे तुम्ही कोण?” हेही विचारतात. तिसरीतल्या पोराला हा प्रश्न सुचत नाही. तो जेवणाच्या ताटावर ऐकलेला असतो. भाऊराव पाटलांनी याच गावात सगळ्या जातींची पोरं एका छताखाली ठेवून एका पंगतीला बसवली. त्याला शंभर वर्षं होऊन गेली. आपल्याला निदान डबा खायची रांग बघायला काय हरकत आहे?

समित्यांचं म्हणाल तर आपल्याकडे त्यांची कमी नाही. शिक्षण हक्क कायद्याने २०१० पासून शाळा व्यवस्थापन समिती आली, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या बायका. विनाअनुदानित शाळांना ती लागू नाही, पण राज्याच्या २०११ च्या शुल्क कायद्याने पालक-शिक्षक संघ आलाच. २०२२ मध्ये मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती आली. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला शाळेतच चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाले, त्यानंतर सगळ्यांना या समित्यांची आणि तक्रारपेटीची पुन्हा आठवण झाली. मी पाहिलेली एक तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या दारावर, माझ्या खांद्याच्या उंचीला होती. दुसरीतल्या पोराने ती चिठ्ठी लिहायची कधी आणि टाकायची कशी? स्टुलावर चढून, सगळ्यांच्या देखत? पेटी ठेवा, मोठ्यांना उपयोगी पडेल. लहानांची तक्रार पेटीत येत नाही. ती रविवारी रात्री पोटात दुखून येते, न खाल्लेल्या डब्यातून येते, “उद्यापासून पप्पा तुम्हीच सोडा” यातून येते. म्हणजे ती घरी येते. म्हणून पालक लागतात.

आणि पालक काय करतात? एक प्रकार म्हणजे “तू पण दोन ठेवून द्यायच्या, रडत काय येतोस पोरीसारखा.” (पोरीसारखा म्हणजे कसा, हे मला त्या बाबांकडून एकदा समजून घ्यायचंय.) अरे, त्याला दोन ठेवता आल्या असत्या तर तो रडत आला असता का? दुसरा प्रकार जास्त भयंकर. शाळा सुटताना एका वडिलांनी गेटवर दुसऱ्याच्या पोराची कॉलर धरली. सात वर्षांचं पोर! शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे शिक्षकालाही मुलाला मारता येत नाही की मानसिक त्रास देता येत नाही, आणि आपण बाहेरचे लोक कॉलर धरणार? त्यानंतर चर्चा कॉलरचीच झाली. मूळ पोराला रोज काय त्रास होत होता हे सगळेच विसरले. तिसरा प्रकार ग्रुपवर नाव टाकून लिहायचं. ते केलंत की त्या मुलाचे आईवडील बचावाला उभे राहिलेच समजा, आणि बाकीच्या घरांत रात्री जेवताना “त्याच्याशी बोलायचं नाही हं” सुरू. एकाचा छळ थांबवायला निघालो आणि दुसऱ्याला वाळीत टाकून आलो. असलं काही असेल तर बाईंना एकटीला फोन करा. दिवस, जागा, काय झालं, कुणी पाहिलं, एवढं सांगा. ‘नेहमी’, ‘सगळे’, ‘मुद्दाम आमच्याच मुलाला’ हे शब्द गाळले तर बाईंना काही करता येईल.

ज्यांचं मूल त्रास देतं त्यांच्याशी कसं बोलायचं, हे शाळांना सगळ्यात कमी जमतं. त्यांना ऑफिसात उभं करून मुख्याध्यापकांनी ऐकवलं की ते घरी जाऊन पोराला बडवतात, आणि पोरगा दुसऱ्या दिवशी तो राग तक्रार करणाऱ्यावर काढतो. मला स्वतःला असा फोन आला तर काय ऐकायला आवडेल याचा मी विचार केला. “तुमची मुलगी नेतृत्व छान करते, पण सध्या ती कोणाला खेळात घ्यायचं नाही हेही ठरवतेय. आम्ही तिच्याशी बोललोय. तुम्ही घरी रागावू नका, फक्त तिला विचारा की काल कोण बाहेर राहिलं.” एवढं ऐकून मी चिडेन, पण ऐकेन.

फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठातल्या लोकांनी शाळांसाठी ‘कीवा’ नावाचा कार्यक्रम बांधला. त्याचा भर मारणारा किंवा मार खाणारा यांच्यापेक्षा बघणाऱ्यांवर आहे. मला हे एकदम पटलं, कारण आपली बहुतेक पोरं त्याच गटात असतात. “कोयता हजर” म्हणणारा एक, पण खसखस पिकवणारे वीस. त्या विसांचे आईबाप निवांत असतात, आपलं पोर कुणाच्या अध्यात ना मध्यात म्हणून.

तर मला शाळेकडून महिन्याला एकच मेसेज पाहिजे. नमुना देते: “तिसरी ब. या महिन्यात मधल्या सुट्टीत काही मुलांना खेळात घेत नव्हते. आता गट चिठ्ठ्या टाकून पाडतो. टोपणनावांबद्दल परिपाठात बोललो. घरी विचारा, डबा खाताना तुझ्या शेजारी कोण होतं आणि एकटं कोण होतं. काही कळलं तर मला वैयक्तिक कळवा.” कुणाचं नाव नाही, फोटो नाही. बाईंवर कामाचा डोंगर आहे हे मी घरातच बघते, पण वृक्षदिंडीच्या फोटोंपेक्षा हे लवकर होईल. आणि जे ग्रुपवर नाहीत त्यांच्यासाठी हाच मजकूर वहीत चिकटवायचा, किंवा नणंदेसारखं कधी तरी जाऊन यायचं.

जाता जाता पालकांचंच एक. वर्गातल्या सहा जणांना बोलावून वाढदिवस करा, तुमचा पैसा, तुमचं घर. पण केकचे फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकू नका हो. उरलेली पोरं आईच्या फोनमध्ये ते बघतात, आणि सोमवारी वर्गात ‘बोलावलेले’ आणि ‘न बोलावलेले’ असे दोन तट तयार असतात. ते आपण पाडलेले असतात.

शनिवारी आमच्या पालक-शिक्षक संघाची बैठक आहे. वर लिहिलेला नमुना मी छापून नेतेय. व्हॅनवाल्या काकांनाही बोलवा असं मुख्याध्यापकांना सांगितलं, तर ते आधी हसले, मग म्हणाले बोलवू. अडचण एवढीच की बैठक साडेअकराला आणि काका तेव्हा दुसऱ्या शाळेची पोरं घेऊन सदर बझारात असतात. बैठक एक वाजता घ्या म्हणून आणखी दोघातिघांनी फोन केला तर वेळ बदलेल. आपल्या शाळेतले जे हे वाचत असतील त्यांनी आजच करा.