कीस काढण्याचा उद्योग

ब्लॉग हा आपला छंद नसून उद्योग आहे असे एकदा मनाशी ठरले, की पहिले काम लिहिण्याचे नव्हे, नोंदणीचे करावे. केंद्र सरकारची उद्यम नोंदणी २०२०च्या १ जुलैपासून सुरू आहे, ती आधार क्रमांकावर घरबसल्या होते आणि तिला एक पैसाही लागत नाही. म्हणूनच ती करून देण्याचे पैसे घेणारा सल्लागार आधी गाठावा, कारण फुकट मिळालेले प्रमाणपत्र चौकट करून भिंतीवर लावण्याचा उत्साह कोणाला राहत नाही. त्या प्रमाणपत्रावर तुमचा उद्योग ‘सूक्ष्म’ या वर्गात टाकलेला असेल. हल्ली वर्षाला दहा कोटींपर्यंत उलाढाल करणारेही त्याच वर्गात बसतात, तेव्हा वाईट वाटून घेऊ नये. सरकारने हा शब्द तुमच्याकडे पाहूनच निवडला असावा असा घरच्यांचा समज होईल, तो होऊ द्यावा.

आपण इंदूरचे असल्यामुळे धंद्याचे शिक्षण घेण्यासाठी गाव सोडण्याचे कारण नाही. रात्री नऊच्या पुढे सराफ्यात जाऊन उभे राहावे. दागिन्यांच्या दुकानांची शटरे खाली येतात आणि त्याच दुकानांच्या ओट्यांवर कढया चढतात. मध्यरात्र उलटली तरी गर्दी हलत नाही. तुमचा ब्लॉगही असाच दुसऱ्याच्या ओट्यावर मांडला जाणार आहे. गिऱ्हाईक गूगलने पाठवायचे, जाहिराती गूगलने लावायच्या, आणि एखाद्या सकाळी गूगलने आपले नियम बदलले की कढई उचलून निमूटपणे चालू लागायचे. सराफ्यात गराडू नावाचा कंद तळणाऱ्याला ओटा कोणाचा आहे हे पक्के ठाऊक असते, आणि बहुधा म्हणूनच त्याची प्रगती गराडूपलीकडे होत नाही. तुम्ही मात्र ओट्यावर बूड टेकताक्षणी स्वतःला सराफ म्हणवून घ्यावे आणि भेटपत्रावर ‘संस्थापक व मुख्य कार्यकारी अधिकारी’ असे छापून घ्यावे. कर्मचारी, शिपाई आणि आरंभीचा वाचकवर्गही तुम्हीच असणार, पण तो तपशील भेटपत्रावर मावत नाही.

विषय निवडताना आपल्याला काय येते याचा विचार चुकूनही करू नये. तुम्ही रामबागेतल्या एखाद्या जुन्या घरात वाढला असाल, आजोबांनी तुम्हाला मोडी शिकवली असेल, होळकरशाहीच्या कागदपत्रांवर तुम्ही तासभर बोलू शकत असाल, तर ही सगळी पुंजी विसरून जावी, कारण मोडी वाचणाऱ्याला विकावे असे जाहिरातदारांकडे काही नसते. साहित्य संमेलन इंदुरात १९१७, १९३५ आणि २००१ असे तीनदा भरले. त्यावरून या गावात मराठी वाचणारे पुष्कळ आहेत असा निष्कर्ष निघतो, पण ते विमा काढण्यासाठी वाचतात असा निघत नाही. जाहिरातदार पैसे मोजतो ते कर्ज, विमा आणि क्रेडिट कार्ड या विषयांवर. तेव्हा ज्यांनी आयुष्यात एकही क्रेडिट कार्ड वापरलेले नाही, त्यांनी सर्वोत्तम पाच क्रेडिट कार्डांविषयी निःपक्षपातीपणे लिहावे.

एवढे करूनही मन खाण्यापिण्याकडेच ओढ घेत असेल, तर भुट्ट्याच्या किसापासून सुरुवात करावी. याची कृती चार ओळींत संपते: कोवळी कणसे किसावीत, हिंग, मोहरी आणि हिरव्या मिरचीच्या फोडणीवर तो कीस परतावा, दूध घालून मंद आचेवर शिजवावा, वरून लिंबू पिळून कोथिंबीर भुरभुरावी. आत्याने जन्मभर ती एवढ्यातच सांगितली आणि म्हणूनच तिच्या हाती कधी एक रुपया लागला नाही. चार ओळींत जाहिराती मावत नाहीत. तुम्ही आरंभी मका अमेरिका खंडातून आपल्याकडे कसा आला ते लिहावे, मग मल्हारराव होळकर माळव्यात कसे आले ते लिहावे, आणि मग अहिल्याबाईंनी १७६७ साली कारभार हाती घेऊन महेश्वरला राजधानी केली याकडे वळावे. या घटनेचा किसाशी संबंध नाही हे खरे. पण संबंध नाही हे समजावून सांगायलाही दोन परिच्छेद लागतात आणि प्रत्येक परिच्छेदाखाली एक जाहिरात बसते. मराठीत ‘कीस काढणे’ या शब्दांना जो दुसरा अर्थ आहे, तो या धंद्याचा पाया होय. इकडे गॅसवर फोडणी करपू लागलेली असते, दूध किती घालायचे ते शोधत वाचक महेश्वरच्या घाटावरून घाईघाईने खाली उतरत असतो, आणि कणसाच्या चिकाने माखलेले त्याचे बोट घसरून नेमके जाहिरातीवर पडते. तेवढाच तुमचा नफा.

हा नफा कसा साठतो हे समजण्यासाठी पुन्हा सराफ्याकडेच पाहावे. सोनाराच्या दुकानापुढचा केरकचरा आणि गटारातली माती गोळा करून, ती धुऊन, तिच्यातून सोन्याचे कण काढणाऱ्याला आपल्याकडे झारेकरी म्हणतात. जाहिरातींचे उत्पन्न हे असेच, पैशांत नव्हे तर सेंटांत मोजायचे काम आहे. दहा डॉलर साठले की पत्ता पडताळण्यासाठी परदेशातून साध्या टपालाने एक पाकीट येते आणि त्यातला आकडा संगणकावर भरावा लागतो. ते पाकीट घरच्यांना अवश्य दाखवावे, कारण उद्योगातून हाताला लागणारी पहिली वस्तू तीच असते. प्रत्यक्ष पैसे मात्र शंभर डॉलर जमल्याशिवाय हलत नाहीत. या काळात लोकमान्यनगरच्या मावशीला आपल्या उद्योगाबद्दल काही सांगू नये. सांगितलेत, तर ती मायेपोटी दुपारची झोप टाकून एकाच जाहिरातीवर चाळीस वेळा बोट दाबील, ही लबाडी समजून तुमचे खाते बंद होईल, आणि साठलेली रक्कम जाहिरातदारांना परत जाईल. मावशी पुढच्या भेटीत विचारील, “का रे, झाली ना काही मदत?”

आपल्याबद्दल लिहावे म्हणून कंपन्या ज्या वस्तू फुकट पाठवतात त्यांचे स्वागत करावे. जाहिरात मानकांची परिषद, म्हणजे ॲस्की, हिने २०२१मध्ये सांगून ठेवले आहे की फुकटात वस्तू घेऊन तिच्याबद्दल लिहिणाऱ्याने तसे स्पष्ट नमूद करावे; २०२२च्या जुलैपासून एका देणाऱ्याकडून वर्षात वीस हजारांवर किमतीच्या वस्तू मिळाल्या तर त्यांवर दहा टक्के करकपातीचाही नियम आला. शेवेच्या पाकिटांनी वीस हजारांचा आकडा गाठायचा, तर करापेक्षा पित्ताची काळजी आधी करावी लागेल.

इतके होऊन तुमचा कीस गूगलच्या पहिल्या पानावर आलाच, तर आनंद लगेच साजरा करून घ्यावा. २०२४पासून आपल्याकडेही शोधपानाच्या माथ्यावर यंत्राने रचलेले आयते उत्तर दिसू लागले आहे: कणसे किसावीत, फोडणीवर परतावीत, दूध घालावे. त्यात मल्हारराव नाहीत, अहिल्याबाई नाहीत, नुसत्या आत्याच्या चार ओळी आहेत. त्या उत्तराला लागलेला शिधा तुमच्यासारख्यांच्याच पानांवरून गेलेला असतो. ज्याचा ओटा त्यानेच कढई मांडल्यावर तक्रार तरी कोणाकडे करणार? अशा वेळी आणखी लिहावे, आणखी लांब लिहावे, असा सल्ला देणारे अभ्यासवर्ग पैसे भरून मिळतात.

राहता राहिले संकेतस्थळाचे नाव. ते पहिल्या वर्षी चहा-पोह्यांच्या भावात मिळते आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी त्याची खरी किंमत कळते. त्याची स्मरणपत्रे जाहिरातींच्या ढिगाऱ्यात पडून राहतात, आणि जाहिराती वाचण्याची सवय तुम्हाला नसल्यामुळे ती तुमच्या नजरेस पडत नाहीत. मुदत उलटून गेली की असे सोडलेले नाव कोणीतरी उचलतो, आणि आत्याने जपून ठेवलेल्या दुव्यावर किसाच्या जागी पत्त्यांचा जुगार उघडतो. तुमच्या शंभर विनवण्यांनंतरही ज्यांनी तो दुवा कधी उघडला नव्हता, ते काका आता रोज रात्री जेवण झाल्यावर उघडतात, आणि हल्ली तुमची साइट फार सुधारली आहे असे गणपतीच्या मांडवात भेटेल त्याला सांगतात.