ज्वालामुखी तयार मिळतो

परवा सांगलीत स्टेशनरीच्या दुकानात गेलो होतो. शेजारी एक ताई, हाताला मुलगी. "सातवीचा ज्वालामुखी आहे का तयार?" दुकानदारानं वरच्या फळीवरून काढून दिला. लाल रंग, कापसाचा धूर आणि खाली चौकोनी थर्मोकोल. पर्यावरणाच्या प्रकल्पाला थर्मोकोल! ज्याच्या ताटवाट्या आणि मखरांवर आपल्या राज्यात २०१८ सालीच बंदी आली, तोच.

मी गप्प बसलो. दोष त्या ताईंचा नाहीच. प्रकल्प उद्या द्यायचा असतो, आणि आम्ही मास्तर लोक मॉडेल चकचकीत दिसलं की दहापैकी नऊ देऊन मोकळे. मीही दिलेत, नाही कशाला म्हणू?

पण ती पोर घरी जाऊन ज्या दगडी पायरीवर चपला काढणार, ती पायरीच लाव्ह्याची आहे हे तिला कोण सांगणार? आपला काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर पसरत गेला. म्हणजे शेंड्यातून धूर ओकणारा तो दुकानातला डोंगर आपल्या दगडाची गोष्ट सांगतच नाही.

गेल्या वर्षी मी पोरांना शाळेच्या दगडी कुंपणापाशी नेलं. म्हटलं, काही दगडांना भोकं आहेत, का असतील? "कीड लागली असंल सर." "पावसानं पडली." अर्धा तास नुसते तर्क. मग सांगितलं, तापलेल्या रसातल्या वायूचे बुडबुडे वर यायला बघतात आणि वरचा रस थिजला की तिथंच अडकतात. तेवढ्यात एक जण म्हणाला, "आमच्या आजीच्या पाट्याला भोकं न्हाईत." म्हटलं, आजीलाच विचार. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: "भोकाच्या दगडाचा पाटा केला तर चटणी भोकात आन् खर दाताखाली." थराच्या वरच्या अंगाला भोकं जास्त, मधला दगड घट्ट, हे पाथरवटाला पुस्तक न वाचता माहीत असतं. त्या दिवशीचा तास आजीनं घेतला, मी फक्त फळ्यावर आकृती काढली.

माझा सगळ्यात लाडका प्रयोग बाटलीचा. खर्च शून्य. पाण्याच्या सारख्या रिकाम्या बाटल्या घ्यायच्या, प्रत्येकीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, बूच घट्ट लावून दणकून हलवायचं आणि खिडकीत ठेवायचं. आम्ही तीन मात्या घेतल्या: नदीकाठची मळी, शेतातली काळी आणि मैदानावरचा मुरूम. मुरमाच्या बाटलीत खडे नि वाळू बघता बघता तळाला. मळीचा थर तास संपला तरी बसतच होता. काळीचं पाणी तिसऱ्या दिवशीही चहासारखं गढूळ. चिकणमातीचे कण इतके बारीक, आणि वर एकाच जातीच्या विद्युतभारामुळे एकमेकांना लांब ढकलणारे, की खाली बसायचं नावच घेत नाहीत. एका मुलीनं विचारलं, "सर, पुराच्या वेळी आई हंड्यात तुरटी फिरवायची, तसं करू?" केलं. कण एकमेकांना चिकटून गुठळ्या झाल्या आणि काही वेळात वरचं पाणी निवळायला लागलं. सगळा वर्ग बाटलीभोवती. (निवळलं म्हणजे पिण्याजोगं झालं असं नव्हे, उकळायचंच, हेही तिथंच सांगून टाकलं.)

पुराचं म्हणाल तर आपल्या पोरांना त्याची व्याख्या कशाला पाठ करायला लावता? २०१९ साली सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५. पोरांना म्हटलं, टेप घ्या, आपापल्या गल्लीत ज्या भिंतींवर पुराची रेघ अजून दिसते तिथं जमिनीपासून उंची मोजा, आणि ज्यांनी पूर बघितला त्यांना २००५ ची रेघ कुठं होती ते विचारा. एका गल्लीत रेघ छातीएवढी, पुढच्या वळणावर घोट्याएवढी. पाण्याची पातळी तर सपाट असते, मग असं कसं? कारण चढ-उतार जमिनीत आहे. उंचसखलपणाचा नकाशा असाच कळतो. नाहीतर पूर का आला म्हटलं की सगळ्यांचं एकच उत्तर ठरलेलं, "अलमट्टीमुळं." बरं, अलमट्टी हे कर्नाटकातलं कृष्णेवरचं धरण, ते सांगलीच्या वरच्या अंगाला की खालच्या? अर्ध्या वर्गाला सांगता आलं नाही. त्याचा वाद मोठी माणसं घालतातच, पोरांनी आधी नकाशात बोट ठेवावं.

पर्जन्यमापकात मात्र मी तोंडघशी पडलो. बाटलीचं वरचं तोंड कापून उलटं बसवलं, पण तळ खाचाखोचांचा असतो हे डोक्यातच आलं नाही, पहिल्या पावसाचे आकडे सगळे फेकून द्यावे लागले. आता तळाला खडे आणि पाणी भरून सपाट जागी शून्याची खूण करतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, एवढं कळलं की पोरं आपणहून शाळेच्या पत्र्याचा हिशोब मांडतात. वीस मीटर बाय सहा मीटर पत्रा, दहा मिलिमीटर पाऊस, बाराशे लिटर. आणि ते सगळं पन्हाळीतून गटारात जातं, हे त्यांनीच मला ऐकवलं.

आता कामाचं. यंदा बाटल्यांच्या रांगेत जत आणि आटपाडीकडची माती हवी आहे. तिकडून कुणी सांगलीला येणार असेल तर दोन ओंजळी पिशवीत घालून आणा आणि गावाचं नाव चिठ्ठीवर लिहा. बाटल्या आहेत, तुरटीही आहे.