'थोबाड'वरचा तो मेसेज पुढे पाठवू नका

शुद्ध मराठी शिकवणारा एक मेसेज सध्या जिकडेतिकडे फिरतोय. त्यात म्हणे 'थोबाड' म्हणजे कुरूप चेहरा, शब्द आला हिंदी पिक्चरमधल्या 'थोबडा'वरून, आणि खान्देशातल्या लोकांना नीट बोलता येत नाही म्हणून तिकडेच जास्त चालतो. अमळनेरची माझी भाची नववीत आहे, तिने तो वाचला आणि आजीला सांगितलं, माझ्याशी अहिराणीत बोलू नको, गावंढळ वाटतं. डोकंच फिरलं माझं.

पिक्चरचं आधी संपवतो. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती 1857ची, त्यात थोबाड आहे, शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट बघता येतं. आपल्याकडे पहिला बोलपट आला 1931 साली. मग?

आता कुरूप. थोबाडीत देईन, थोबाड फोडीन, थोबाड बंद ठेव, यात रूप कुठं आलं? राजबिंडा पोरगा उलटून बोलला तरी थोबाडीतच खातो. बोलणारा चिडला की तोंडाचं थोबाड होतं, समोरचा दिसायला कसाही असो. हां, 'थोबाड बघ आरशात' म्हटलं की बोट दिसण्यावर असतं, तेवढं मान्य. पण 'तोंड बघ आरशात' म्हटलं तरी तेवढंच लागतं ना, मग तोंड पण कुरूप म्हणायचं का?

आणि खान्देशावर कशाला घसरता? थोबाडीत काय पुण्या-कोल्हापुरात कोणी देत नाही? अहिराणी म्हणजे बिघडलेली मराठी नाही, 'मन्हा', 'तुन्हा', 'काय करी ऱ्हायना' याला स्वतःचं व्याकरण आहे, ब्रिटिश काळातल्या भाषातज्ज्ञ ग्रिअर्सनने भारतातल्या भाषांच्या सर्वेक्षणात 1907 साली खान्देशीची, म्हणजे अहिराणीची, नोंद मराठीच्या खंडात नाही तर वेगळ्या खंडात केलीय. शाळेची पायरी न चढलेल्या बहिणाबाईंनी खान्देशातल्याच लेवा बोलीत ओव्या रचल्या, आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे, 2018पासून. आणि इथल्या पोरांना तुम्ही आजीच्या बोलीची लाज बाळगायला शिकवताय, शब्द शुद्ध करायच्या नावाखाली, याचा खरंच संताप येतो.

थोबाडाऐवजी 'शुद्ध मराठी चेहरा' वापरा असंही त्यात लिहिलंय. चेहरा फारसीतून आलाय. त्याच मेसेजातली, 'थू' आणि 'बाड' जोडून काढलेली थोबाडाची व्युत्पत्ती तर उत्तर द्यायच्याही लायकीची नाही.