स्कॅन चालू आहे, कृपया घाबरून जा

व्हायरस आणि अँटिव्हायरस यांतला फरक मला अजून चटकन ओळखता येत नाही. दोघंही न विचारता येतात, दोघंही कॉम्प्युटर रेंगाळत ठेवतात आणि दोघंही लाल चौकट उघडून पैसे मागतात. पैसे घेऊन वर पुढच्या वर्षी पुन्हा मागतो तो अँटिव्हायरस, अशी एक खूणगाठ मी बांधून ठेवली आहे.

नव्या कॉम्प्युटरबरोबर एक अँटिव्हायरस आयताच आला होता, काही दिवस चकटफू. मुदत संपत आली तसा त्याचा सूर बदलला. उजव्या कोपऱ्यात आधी नारिंगी चौकट, मग लाल, मग लाल आणि लुकलुकणारी. तिच्यात दोन बटणं. एक ठसठशीत हिरवं : 'माझं कुटुंब सुरक्षित ठेवा'. दुसरं पांढऱ्यावर पांढुरक्या अक्षरांत, चष्मा पुसून वाचावं लागेल असं : 'नको, मी धोका पत्करतो'. आता या कॉम्प्युटरवर आहे काय, तर वाकडे आलेले फोटो आणि कधीच पुरा न झालेला बायोडेटा. त्यात कुटुंबाला ओढायचं काय कारण? 'पुन्हा विचारू नका' हे बटण मात्र शोधूनही सापडलं नाही.

मग चौकशी आरंभली. या विषयात 'मला माहीत नाही' असं म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. ऑफिसातला सहकारी म्हणाला, पैसे मोजल्याशिवाय खरं संरक्षण नाही. मामेभाऊ म्हणाला, सगळी लूट आहे. आणि एक मित्र म्हणाला, 'विंडोज काढ, लिनक्स टाक.' त्याला काहीही विचारा, कीबोर्डवर चहा सांडला म्हणून सांगा, उत्तर तेच.

म्हटलं, शास्त्रशुद्ध जाऊ. जर्मनीत एव्ही-टेस्ट नावाची संस्था या सॉफ्टवेअरांची परीक्षा घेते. संरक्षण, वेग आणि वापरातली सोय असे तीन विषय, प्रत्येकी ६ गुण. मोठ्या आशेनं निकाल उघडला, तर बहुतेक सगळे १८ पैकी साडेसतरा-अठरा! ज्या वर्गात सगळेच पहिले येतात त्यात हुशार कोण, हे मास्तरांनी तरी कसं सांगावं? तरीही नेट धरून मी नॉर्टन, अव्हास्ट, एव्हीजी आणि अविरा यांचा तुलनात्मक तक्ता केला, रंगबिंग भरून. तो पुरा झाल्यावर कळलं की हे चौघंही जेन डिजिटल या एकाच कंपनीचे. मालक एक, पाट्या चार, आणि मी त्यांच्यात भांडण लावत बसलेला.

प्रकार तरी किती! बेसिक, प्लस, प्रीमियम, टोटल, आणि टोटलच्याही वर अल्टिमेट. टोटलमध्ये सगळं आलं ना? मग वर उरलं काय? पहिल्या वर्षाची किंमत टपोऱ्या अक्षरांत, शेजारी एक फुली. दुसऱ्या वर्षाची किंमत त्या फुलीच्या पोटात.

फुकटचं घ्यावं म्हटलं, तर त्याचीही गंमत आहे. वापरणारे इंटरनेटवर कुठे कुठे फिरतात याची माहिती विकल्याच्या प्रकरणात २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं अव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. चोर परवडला, तो निदान आपण काय वाचतो याची नोंद ठेवत नाही.

एका कंपनीचं 'मोफत स्कॅन' करून पाहिलं. पट्टी नव्याण्णव टक्क्यांवर येऊन बसली ती बसलीच. मग घंटा वाजली : शेकडो समस्या! यादी उलगडली, तर त्यात बहुतेक कुकीज, म्हणजे साइट आपली ओळख लक्षात राहावी म्हणून ठेवून जातात त्या चिमुकल्या नोंदी. मी कधीतरी बूट पाहिले होते त्या साइटची कुकीही 'धोका' या सदरात. समस्या मोफत दाखवतात, सोडवायचे पैसे.

ते स्कॅनवालं सॉफ्टवेअर काढताना खरा कस लागला. 'का जाताय?' म्हणून फॉर्म, मग 'नक्की?', मग रीस्टार्ट, आणि कोपऱ्यात चिन्ह जागच्या जागी. ते मुळासकट उपटायला त्याच कंपनीचं आणखी एक सॉफ्टवेअर उतरवावं लागतं. मदतीसाठी फोन नंबर शोधला, तर भेटला एक चॅटबॉट. पीसीवरचा पहिला व्हायरस समजला जाणारा 'ब्रेन' १९८६ सालचा, लाहोरच्या दोन भावांचा. त्यांनी त्यात स्वतःची नावं, पत्ता आणि फोन नंबर घातले होते. व्हायरसवाले गाठता येत होते हो!

शेवटी विंडोजचा स्वतःचा डिफेंडरच ठेवला. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, तो पुरता अँटिव्हायरस म्हणून आतच बसलेला आहे. दुसरा कुणी आला की हा निमूट बाजूला होतो, दुसरा गेला की पुन्हा कामाला लागतो. बाकी अपडेट वेळेवर घ्यायचे. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसनं जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा तो विंडोजच्या ज्या भोकातून शिरत होता ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच देऊन ठेवला होता. तो 'नंतर बघू'वर टाकणारे सापडले.

पण बाबांना हे पटेना. 'अरे, हा काहीच बोलत नाही. चालू आहे ना नक्की?' त्यांच्या समाधानासाठी आयकार चाचणी केली. ही ६८ अक्षरांची एक ओळ असते. ती कुणाचं काही बिघडवत नाही, पण ती दिसली की व्हायरस समजून ओरडायचं, असं अँटिव्हायरसवाल्यांनी आपसात ठरवलंय. नोटपॅडमध्ये ओळ टाकून फाइल सेव्ह केली मात्र, टुंग! 'धोका आढळला.' फाइल अडकवून ठेवली.

बाबा खुर्ची पुढे ओढून बसले. 'आता कसं! पण हा आला कुठून?'

'बाबा, मीच टाकला. तुम्हाला दाखवायला.'

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. 'म्हणजे इतके दिवस घरात व्हायरस नव्हता, तो तू आणलास. आणि ह्याला पकडायला पैसे मागत होते तुझ्याकडे?'

मग आईला हाक मारून म्हणाले, 'अगं, ह्याच्या कॉम्प्युटरला काही झालेलं नाही. ह्यालाच पासवर्ड देऊ नकोस.'